तिच्या हातचं पाणी

(आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



फोटोला हार घातलाय, मेणबत्ती लावलीय. पण माझ्या आईला देवी करू नका. ती नर्स होती. सरकारी, पगारी नर्स. तिचं मोठेपण या 'पगारी' शब्दात आहे.

तिची आई गावची बाळंतपणं करायची. मोबदला काय? जुनेर लुगडं आणि वरून सुपात टाकलेले जोंधळे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, तेव्हा आई बारा वर्षांची होती. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, पोरीला शाळेत ठेवलं. आजीचंच काम मग आईनं शिकून, सर्टिफिकेट घेऊन, सही करून पगारावर केलं. फरक एवढाच. आणि हाच फरक म्हणजे आमची क्रांती.

एका रात्री वाड्यावरून बैलगाडी आली. पोर पायाळू होतं. आईनं बाई मोकळी केली, पोर रडलं. तिनं प्यायला पाणी मागितलं. म्हातारीनं तांब्या उंच धरून ओंजळीत ओतायला घेतलं. ज्या हातांत त्यांचा वंशाचा दिवा पहिल्यांदा रडला, त्या हातांना तांब्याचा विटाळ! आई न पिता उठली. म्हणाली, "पुढचं बाळंतपण उपकेंद्रात आणा. तिथं एक माठ आहे, एक पेला आहे. सगळ्यांना तोच."

दोन वर्षांनी धाकटी सून आली. त्याच पेल्यानं प्याली.

आम्हा पोरांना मात्र आई पुरली नाही, हे पण सांगतो. आम्ही तापानं फणफणायचो अन् ती दुसऱ्याच्या ओसरीवर. राग यायचा. पहाटे यायची, डेटॉलच्या वासाचा हात कपाळावर ठेवायची. राग जायचा.

दर १० मार्चला ती सावित्रीबाईंची गोष्ट सांगायची. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी पाठीवर आणलं, अन् त्याच प्लेगात त्या गेल्या. "आपण पाठीवर घेतलेल्या पोरांची जात आहोत," म्हणायची, "आता पाठ द्यायची पाळी आपली."

तिची नात, माझी पोरगी, नर्स झाली. २२ मार्च २०२० ला लोकांनी थाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत घरमालक म्हणाला, खोली खाली कर. आजी फोनवर म्हणाली, "रडू नको. ड्यूटी सोडू नको. खोली पण सोडू नको. म्हणावं, लेखी द्या." त्यानं लेखी दिलं नाही. पोरगी तिथंच राहिली.

पण मित्रांनो, ही नात कंत्राटी आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर. आजीला पेन्शन होती, नातीला पुढच्या वर्षाची खात्री नाही. पणजीच्या सुपातले जोंधळे परत आलेत. आता त्यांना मानधन म्हणतात.

दाराशी कंत्राटी नर्सेसच्या मागण्यांचा कागद ठेवलाय. फुलं वाहिलीत, आता सही करा. आई कशावरही सही घेतल्याशिवाय उठायची नाही.

जयभीम.