आंधळ्याचें सोंग

वाशीम जिल्ह्यांतील आमचें पोहरादेवी हें गांव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखलें जातें. रामनवमीच्या यात्रेंत येथें मुंगीला शिरावयास वाव नसतो. यात्रा सरली, कीं मात्र आम्हां पेन्शनर मंडळींना वेळ पुरून उरतो; आणि वेळ उरला, कीं वादाला विषय हवाच. यंदाचा विषय होता श्रीराम राघवन यांचा २०१८ सालचा ‘अंधाधुन’ हा बोलपट.

असल्या गुन्हेपटांना ‘न्वार’, म्हणजे काळे, हें नांव फ्रेंच समीक्षकांनीं १९४६ सालीं दिलें. ‘अंधाधुन’ हा त्यांच्या नव्या पिढींतला. यांत खुनी चटकन् सांपडतो. भला माणूस शोधूनहि सांपडत नाहीं. पुण्यांतला आकाश नांवाचा पियानोवादक कलेच्या साधनेसाठीं आंधळ्याचें सोंग घेतो. एका जुन्या नटाच्या घरीं तो वाजवावयास जातो, तों नटाचें प्रेत पुढ्यांत! नटाची पत्नी सिमी आणि तिचा प्रियकर तें हलवीत आहेत, आणि हा सर्व पाहत असूनहि वाजवीतच आहे. मग फिर्याद द्यावयास ठाण्यावर जातो, तर तो प्रियकरच तेथील अंमलदार!

आमच्या पोस्टमास्तरांना पहिली शंका आली ती खात्याची. “हा गृहस्थ रजिस्टर पत्र आलें, तर सही करीत असेल कीं अंगठा?” वकीलसाहेबांचा रोख शेवटाकडे. दोन वर्षांनीं, युरोपांत, आकाश आपल्या मैत्रिणीला सांगतो कीं, एका सशामुळें मोटारीला अपघात होऊन सिमी मेली आणि आपण वांचलों. वकीलसाहेब गरजले, “साक्षीदार एकच, आणि त्याचें पोट सोंगावर! आधीं त्या सशाला समन्स काढा!” त्यावर आमचे शेतकरी मित्र म्हणाले, “सशाचें राहूं द्या. त्याच्यावर बंदूक झाडणाऱ्याला आमच्याकडे धाडा. तुरींत रानडुकरांनीं उच्छाद मांडला आहे.”

तीन दिवस हा सशाचा खटला चालला. चौथ्या दिवशीं आमचे किराणा दुकानदार, जे एरवीं हिशेबापलीकडे बोलत नाहींत, हळूच म्हणाले, “त्या म्हाताऱ्या शेजारणीचें काय?”

सगळे गप्प झाले. नटाच्या घरीं त्या दिवशीं एक पुरुष आला होता, हें डिसाबाई नांवाच्या त्या वृद्धेनें पोलिसांना सांगितलें होतें. सिमीनें तिला इमारतीवरून ढकलून दिलें. आणि आकाशनें तेंहि पाहिलें.

श्रोतेहो, साऱ्या कथेंत पाहिलेलें सरळ सांगणारी ती एक म्हातारी, आणि आम्हीं तीन दिवस खल केला तो सशाचा! शेवटीं आकाशची काठी वाटेंतला डबा अचूक उडविते. त्याला दिसतें कीं नाहीं, यावर लोक अजून भांडतात. मला तो प्रश्न गौण वाटतो. दिसत होतें, तेव्हां तरी त्यानें काय केलें? आणि त्याला बोल लावण्यापूर्वीं हेंहि विचारावें, कीं डिसाबाईची गत पाहिल्यावर तोंड उघडण्याची छाती कितीजणांना होईल? खरें सांगणाऱ्याच्या पाठीशीं गांव उभा राहिला नाहीं, तर डोळस माणसेंहि आंधळ्याचें सोंग घेऊं लागतात. दुकानदारांच्या प्रश्नाला वकीलसाहेबांनीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. सशाचा खटला मात्र त्यांनीं काढून टाकला आहे.