बाकावरची पुस्तके
(साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या पावसाळ्यात आपण पाठवलेल्या पुस्तकांचा हिशेब द्यायला मी उभी आहे. हिशेब थोडा लाजिरवाणा आहे.

मेळघाटातल्या आमच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी केस पेपर काढल्यापासून औषध मिळेपर्यंत तीन तास सहज जातात. सोबत आलेली भावंडे कंटाळून रडतात. म्हणून खिडकीशेजारी फळी ठोकून आपली 60 चित्रपुस्तके मांडली. दोन महिन्यांनी मोजली, तर 22! मला राग आला. उरलेली कपाटात घालून मी कुलूप लावले.

मग एक आई नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराच्या लसीसाठी घेऊन आली. लसीकरणाच्या कार्डाबरोबर त्याच प्लास्टिकच्या पिशवीत आपले एक पुस्तक होते, हळदीचे डाग पडलेले. मोठी मुलगी ते उघडून बाळाला कोरकूत गोष्ट सांगू लागली. मी म्हटले, “बाई, हे वाच.” तिला एकच शब्द वाचता आला, ‘पाणी’. पण तो तिने बोट ठेवून वाचला. पुस्तक परत मागायला माझी जीभ रेटेना.

आमच्या डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या ‘रीच आउट अँड रीड’ची माहिती दिली. 1989 साली बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात ते सुरू झाले. प्रतीक्षागृहात स्वयंसेवक मुलांना वाचून दाखवत आणि तपासणीच्या वेळी डॉक्टर स्वतः पुस्तक देत, घरी नेण्यासाठी. बाळ ते कसे धरते, चित्राकडे बघते का, यावरून त्याची वाढही कळते.

आता आम्हीही देतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला मराठी पुस्तक परकेच वाटते. आमच्या आयाबाई बाकावर बसून आधी कोरकूत गोष्ट सांगतात, मग मराठी अक्षरांवर बोट फिरवतात. मला ते जमत नाही. माझे कोरकू ऐकून मुले हसतात. खरजेच्या मुलालाही पुस्तक मिळते, फक्त ते त्याने फळीवर परत ठेवायचे नाही.

फळी आज रिकामी आहे. मोठी चित्रे आणि पानावर दोन-तीनच ओळी असलेली पुस्तके पाठवा. कृपा करून दहावीची गाइडे नकोत, मागच्या खोक्यात अकरा निघाली. आणि कोणाला कोरकू येत असेल, तर बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला या.