दुसऱ्याच्या परसातले तण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा फुले आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आम्ही पंडित नाही. जिनिंगात सरकी-रुईच्या धुळीत राबता राबता जे वाचलं, ते तुमच्यापुढं ठेवतो.

गेल्या वर्षावासातल्या एका कामाची हकिगत सांगायची आहे. विहाराच्या मागं एका म्हाताऱ्या मावशींचं घर आहे. त्या आपल्या समाजाच्या नाहीत. मालक वारले, लेकरं पोटामागं हैदराबादला गेली, आणि परसबागेचं पाच-सहा वर्षांत रान झालं. छातीइतकं गाजर गवत, कुंपणाला घाणेरी, खाली हराळी नि लव्हाळा, मधूनच तरोटा नि आघाडा. श्रावणात तिथला साप थेट विहाराच्या पायरीवर आला. लहान मुलं धम्म संस्कार वर्गाला यायला भिऊ लागली.

समितीच्या बैठकीत आम्ही म्हणालो, आपणच जाऊन साफ करू. तर तरुण मंडळी उसळली. "आमच्या आज्यानं निजामाच्या राज्यात वेठ केली, पाटलाचं अंगण फुकट झाडलं. आता पुन्हा त्यांच्याच परसात विळा घेऊन आम्हाला पाठवता काय?"

प्रश्न रास्त होता. तो उडवून लावून चालणार नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं, ते कशासाठी? वतनदार महार रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या हुकमाला बांधलेला होता म्हणून. त्यांचा राग कष्टावर नव्हता, माणसाला बांधून घेणाऱ्या गुलामीवर होता. वेठेत हाक दुसऱ्याची असते आणि नाही म्हणायची सोय नसते. श्रमदानात हाक आपल्या मनाची असते. विळा कधी खाली ठेवायचा, हेही आपणच ठरवतो.

एका उपासिकेनं विचारलं, "तण उपटताना किडामुंगी मरणार. पहिलं शील मोडत नाही का?" विनयात जमीन खणायची, झाडं तोडायची मनाई आहे, ती भिक्खूंना. आपण गृहस्थ आहोत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक सांगितला आहे. म्हणून ठरलं, साप मारायचा नाही. आधी काठ्या आपटायच्या, एका बाजूनं कापत जायचं, आणि नाल्याकडची बाजू त्याला पळायला मोकळी ठेवायची.

आम्ही निघालो, तेव्हा मावशींनी विचारलं, "किती घ्याल बाप्पा?" मजुरी नको म्हटल्यावर त्यांनाच कोडं पडलं. "मंग फुकट कामून करता?"

रविवारी सकाळी सातला अकरा जण लागले. हे गाजर गवत परदेशी; १९५५-५६च्या सुमारास पुण्याकडं प्रथम दिसलं, आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात. त्याच्या एकेका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळं फुलायच्या आत मुळासकट उपटावं लागतं. अंगाला खाज सुटते, दमा असेल तर उठतो. म्हणून हाताला पिशव्या नि तोंडाला रुमाल बांधले. घाणेरीला कुऱ्हाड लागली, हराळीला कुदळ.

दुपारी तहान लागली. मावशींनी तांब्या आणला, पण वरून धार धरली. पोरांनी विळे खाली ठेवले. कुणी ओरडलं नाही. आम्ही म्हणालो, "मावशी, तांब्या हातात द्या. न्हाईतर काम इथंच थांबतं." त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग "जुनी सवय हाय बाप्पा," म्हणाल्या, कळशी नि पेला ओट्यावर ठेवला आणि आत गेल्या. त्यांचं मन पालटलं, असं आम्ही सांगणार नाही. पण कळशीत पेला आम्ही आमच्या हातानं बुडवला. दुसऱ्या रविवारी त्यांनी चहा केला आणि ओट्यावर आमच्याबरोबर बसून घेतला. काम त्या दिवशी पुरं झालं. साप कुठं गेला, कुणालाच दिसला नाही.

तीन आठवड्यांनी पाऊस झाला आणि लव्हाळा परत उगवला. वरचं पातं गेलं होतं, जमिनीतली गाठ राहिली होती. धम्मपदात तण्हावग्गात तृष्णेला गवताची उपमा दिली आहे, तिचा अर्थ आम्हाला पुस्तकापेक्षा त्या परसात जास्त कळला. मावशींच्या मनातली गाठ जुनी आहे. आणि आपल्या? पोटजात पाहून सोयरीक करणारे, जयंतीच्या वर्गणीवरून दोन गट पाडणारे, पगाराच्या दिवशी गुत्त्यात बसणारे आपल्यातच आहेत. दुसऱ्याच्या परसातलं तण लवकर दिसतं, बंधूंनो.

म्हणून विनंती एवढीच. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी खुरपं घेऊन विहारात या. आधी मावशींचं परस, मग आपलं अंगण, आणि संध्याकाळी वंदनेनंतर ज्याचं त्यानं मन तपासावं.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!