रॅकेट आणि हजेरीपट



वसंत व्याख्यानमालेत टेनिस हा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे आकुर्डी, भोसरी आणि अलीकडे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. या पट्ट्यात जे पाळीच्या भोंग्यावर जगले, त्यांच्या हिशेबात मुलाने शिकावे आणि नोकरीला लागावे एवढेच बसत असे. त्यांचीच नातवंडे आज पाठीवर रॅकेटची पिशवी टाकून बालेवाडीच्या मैदानाकडे निघतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात २०१८ ते २०२३ या काळात जागतिक दर्जाची स्पर्धा झाली, आणि या मुलांनी थोर खेळाडू हाताच्या अंतरावरून पाहिले. तेव्हा हा प्रश्न आता परक्याच्या घरचा राहिलेला नाही.

प्रश्न उभा राहतो तो बारावीच्या निकालानंतर. ज्या वर्षी मुलाला अठरा पूर्ण होतात ते वर्ष सरले, की कुमारगटाचे दार बंद होते. पुढची पायरी म्हणजे एकूण १५,००० डॉलर बक्षिसाच्या व्यावसायिक स्पर्धा. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण ही रक्कम एकेरी आणि दुहेरीच्या साऱ्या खेळाडूंत वाटली जाते, आणि एकेरीत पहिल्याच फेरीत हरलेल्याच्या हाती दोनशे डॉलरही पडत नाहीत. प्रवास, खोलीभाडे, तारांचे विणकाम, प्रशिक्षकाचे मानधन हे सारे घरातून. बापाचा भविष्यनिर्वाह निधी येथेच मोडतो. आणि विम्बल्डनसारख्या स्पर्धेत पात्रता फेरीवाचून थेट प्रवेश हवा, तर जगातल्या पहिल्या शंभरांच्या आसपास पोहोचावे लागते.

इकडे महाविद्यालयाचा हजेरीपट वाट पाहत असतो. सत्रात पंचाहत्तर टक्के उपस्थिती हवी; स्पर्धा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपते; लागोपाठ तीन आठवड्यांचा दौरा झाला की प्राध्यापकांपुढे हात जोडून उभे राहणे आले. प्राध्यापक वाईट नसतात. नियमच अशा विद्यार्थ्याला समोर ठेवून केलेला नाही, आणि माझी खरी तक्रार आहे ती येथे. आपल्याकडे खेळ हा अभ्यासातून सवड काढून करावयाचा, अशी समजूत विद्यापीठाच्या रचनेतच मुरली आहे.

वास्तविक विद्या आणि रॅकेट यांचे वैर आपल्या परंपरेत नव्हते. पंडिता क्षमाबाई राव संस्कृतात काव्य लिहीत आणि टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. भारतीय स्त्रीने तेथे मिळविलेला तो पहिला विजय. पुढे तिने नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले. अर्थात त्या घरात पहिल्या पाळीला जायचे कोणाला नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपल्याच मुलांकडे वळू. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि शिकली. त्यानंतर काही वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२३ रोजी, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक तिने मिळविले. पहिला सेट २-६ असा गेला होता! पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात गेला. २०२४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, अल्माटी येथे ऋत्विक बोल्लिपल्लीच्या जोडीने त्याने जागतिक मालिकेतील दुहेरीचे विजेतेपद पटकावले. म्हणजे शिक्षणात गेलेली वर्षे खेळातून वजा झाली, असे या दोघांच्या बाबतीत म्हणता येत नाही. उलट अंकिता रैना परदेशी विद्यापीठाच्या वाटेला गेली नाही. पुण्यात राहून तिने घाम गाळला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत एकेरीचे कांस्यपदक आणले. वाट एकच आहे असे मी म्हणणार नाही.

मग तिकडे असे काय आहे? तेथे विद्यापीठाचा संघ ही विद्यापीठाची जबाबदारी असते. खेळाडूने सत्राला किमान बारा श्रेयांकांचे विषय घेतलेच पाहिजेत. संघाच्या सरावावर हंगामातही आठवड्याला वीस तासांची मर्यादा. गुण घसरले तर सामन्यातून नाव वगळले जाते. दोन्ही बाजूंनी लगाम. २०२५ पर्यंत वरच्या श्रेणीतील मुलींच्या संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या असत, आणि मुलांच्या संघाला सगळ्या मिळून साडेचार, त्याही वाटून द्यायच्या. एरवी मुलींच्या खेळावर खर्च करताना हात आखडणाऱ्या आईबापांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा. आता ती संख्येची मर्यादा जाऊन बऱ्याच विद्यापीठांत संघातील खेळाडूंच्या संख्येवर बंधन आले आहे. म्हणजे जागेसाठी चुरस आहेच.

ज्यांना परदेश परवडत नाही, आणि अर्धी शिष्यवृत्ती मिळूनही तो अनेकांना परवडत नाही, त्यांनी काय करावे? माझे मत विचाराल तर पदवी सोडू नये, तिला वेळ द्यावा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे. तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत झाली म्हणून लग्नाच्या बाजारात नाक मुरडणारे मुरडोत. आंतरविद्यापीठ स्पर्धाही आहेत; महाविद्यालयाचा संघ पाठवण्याचा आग्रह पालकांनी धरला, तर प्राचार्यांना हजेरीचा प्रश्न आपोआप विचारात घ्यावा लागतो.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. अमेरिकेतील विद्यापीठे खेळाडूला प्रवेश देताना बारावीचा निकाल पाहून समाधान मानत नाहीत. नववीपासूनचे गुण मागतात. तेव्हा ज्या घरात टेनिस खेळणारे मूल असेल, त्या घराने नववीचे प्रगतिपुस्तक दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नये.