अर्ज नक्की केव्हा पोहोचला?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पूर्वी अर्ज कचेरीत दिला की आवक कारकून त्यावर तारखेचा शिक्का मारी. पुढे वाद निघाला तर तो शिक्काच साक्षीला उभा राही. आज शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे बहुतेक अर्ज मोबाईलवर किंवा संगणकावर भरले जातात. शिक्का मारण्याचे काम आता डेटाबेस, म्हणजे संगणकातील नोंदवही, करते. मुदतीच्या दिवशी एका मिनिटावर मुलाचे वर्ष अवलंबून असते. म्हणून हा शिक्का कसा उमटतो ते आपण समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, वेळ अर्जदाराच्या घड्याळावरून घेऊ नये. मोबाईलचे घड्याळ कोणालाही मागे करता येते. अर्जात तारखेचा रकाना लपवून ठेवला तरी जाणकार माणूस तो बदलून पाठवू शकतो. तसे झाले तर प्रामाणिक मुलावर अन्याय होतो. विद्यार्थी मित्रांनो, यावरचा उपाय सोपा आहे. तक्ता तयार करताना त्या रकान्याला ‘डिफॉल्ट करंट टाइमस्टॅम्प’ असे सांगून ठेवा आणि नोंद घालण्याच्या आज्ञेत त्या रकान्याचे नावच घेऊ नका. नोंद होते त्या क्षणाची वेळ डेटाबेस स्वतःच्या घड्याळावरून भरतो.

दुसरी गोष्ट रकान्याच्या प्रकाराची. तारीख साध्या अक्षरांत साठवू नये. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. शिवाय अक्षरांप्रमाणे क्रम लावला तर ३१ जानेवारी ही १ डिसेंबरच्या नंतर येते. तारीख-वेळेसाठी असलेलाच प्रकार वापरला म्हणजे हा घोळ होत नाही.

तिसरी गोष्ट जागतिक वेळेची. पुष्कळ संगणक वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे २ वाजता भरलेला अर्ज तेथे ३० जूनच्या रात्री ८.३० चा दिसतो. साठवायला ही पद्धत उत्तम आहे, पण मुदत तपासताना ती वेळ आधी भारतीय वेळेत आणली पाहिजे. नाहीतर मुदत उलटून आलेला अर्जही वेळेत आलेला ठरेल. दिवस कोठे बदलतो हा प्रश्न आपल्याला नवा नाही. रमजानचा चाँद दिसला की त्याच रात्री आपण तरावीह पढतो, कारण आपल्या हिशेबात दिवस मगरिबला बदलतो, मध्यरात्री नव्हे. कोणता हिशेब धरायचा हे आधी ठरवावे आणि सर्वांना सारखाच लावावा.

पालकांनो, तुमच्यापैकी काहींचे मुलगे आणि भाऊ आखाती देशांत आहेत. दुबईत रात्रीचे साडेदहा होतात तेव्हा इथे बारा वाजलेले असतात. तेथून घरच्या मुलाचा अर्ज भरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दुसरे असे की, आपण बटण दाबले ती वेळ धरली जात नाही. अर्ज पोहोचून त्याची नोंद झाली, ती वेळ धरली जाते. शेवटच्या रात्री गर्दीने यंत्रणा मंदावते आणि मधली मिनिटे आपल्या नावावर पडतात. म्हणून अर्ज दोन-चार दिवस आधी भरा आणि तारीख, वेळ व क्रमांक असलेली पोच जपून ठेवा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची आज्ञा आहे. आपल्या मुला-मुलींपैकी जे उद्या संगणकाचे काम करतील तेही असे लिहिणारेच आहेत. त्यांनी लिहिलेल्या एका ओळीवर कोणा अनोळखी मुलाचा हक्क अवलंबून असेल, याची जाणीव त्यांनी ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.