घरातला पडदा आणि आपले राजकारण

(नांदेड आणि लातूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने चित्रपटांवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. अभ्यासवर्गात जमीनसुधारणा, सहकार, हमीभाव हे विषय शोभतात. सिनेमा हा फावल्या वेळेचा उद्योग, अशी आपली जुनी समजूत आहे. मला ती मान्य नाही. आपली पत्रके वाचणारे किती आणि रात्री घरी दोन तास चित्रपट पाहणारे किती, याचा हिशेब आपण मनाशी करावा. शेजारी कोण, शत्रू कोण आणि पराक्रम कशाला म्हणावे, याविषयीच्या लोकांच्या कल्पना आज पुष्कळशा त्या दोन तासांत घडतात. ज्या ठिकाणी लोकांचे मन घडते, ते ठिकाण राजकीय कार्यकर्त्याने दुसऱ्याच्या हवाली करून कसे चालेल?

मी समीक्षक नाही. निवृत्तीनंतर घरी बसून जुने-नवे चित्रपट पाहतो, आणि पाहताना दोन प्रश्न विचारतो. यातली माणसे पोट कशावर भरतात? आणि हा चित्रपट काढायला पैसा कोणी दिला? प्रश्न साधे आहेत. परंतु ते विचारले म्हणजे कॅमेरा आणि अभिनय यांच्या पलीकडचे बरेच काही दिसू लागते.

प्रथम सहकाराकडे वळू. डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’ १९७५ चा, लेखन विजय तेंडुलकरांचे. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी. कारखाना कागदोपत्री सभासदांचा, पण गावातली प्रत्येक वाट त्याच्या वाड्यावरून जाते. निळू फुले यांनी हा माणूस असा उभा केला आहे की प्रेक्षकाला त्याची भीतीही वाटते आणि भुरळही पडते. समोर डॉ. श्रीराम लागू यांचा व्यसनात बुडालेला मास्तर. त्याच्यापाशी पैसा नाही, संघटना नाही. बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, एवढा एकच प्रश्न आहे. तो तेवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि हिंदुरावाच्या साम्राज्याला तडा जातो.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ आला. त्याच्या लेखनातही तेंडुलकरांचा हात होता. येथे सहकार जन्माला येतो आहे. खाजगी डेअरीवाला, गावचा सरपंच आणि दलित वस्ती यांच्या ओढाताणीतून दूध संस्था उभी राहते. शहरातून आलेल्या डॉक्टरची बदली होते, तो निघून जातो. आणि भोला नावाचा वस्तीतला तरुण काम पुढे चालवतो. या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. जगाच्या चित्रपट इतिहासात अशी उदाहरणे फार थोडी सापडतील. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा अनेकांना त्या दोन रुपयांची पुन्हा आठवण झाली.

हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘मंथन’ सांगतो, सहकार का हवा; ‘सामना’ सांगतो, तो कोणाच्या घशात जातो. मराठवाड्यात आपण दोन्ही पाहिले आहे. सहकारी कारखाने आजारी पडले, पुष्कळसे भाड्याने गेले वा विकले गेले, आणि खाजगी कारखानदारी वाढली. ऊस मात्र वाढतच राहिला. अखेर २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यावे लागले. दुष्काळ निसर्गाचा होता हे खरे. पण पाणी कोणत्या पिकाला द्यायचे हा निर्णय निसर्गाने घेतलेला नव्हता. हिंदुराव धोंडे पाटील पडद्यावर पाहून हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा विषय अधिक नाजूक आहे आणि आपल्या भूमीचा आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर आता चित्रपट निघू लागले आहेत. २०२४ मध्ये ‘रझाकार’ नावाचा तेलुगू चित्रपट आला. त्याचे निर्माते भारतीय जनता पक्षाचे तेलंगणातील नेते. त्यात दाखवलेले अत्याचार घडलेच नाहीत, असे कोणी म्हणू नये. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा याच लातुरात वकिली करीत होता. त्याच्या टोळ्यांनी गावेच्या गावे कशी छळली, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी सोसले आहे. आक्षेप आहे तो वगळलेल्या भागाला. तो लढा एका धर्माने दुसऱ्या धर्माविरुद्ध दिलेला नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालची स्टेट काँग्रेस जबाबदार राज्यपद्धती आणि भारतात विलीनीकरण मागत होती. त्या मागणीसाठी लेखणी चालवणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबउल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांच्या हातून मारला गेला. तो मुसलमान होता. आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत त्या समितीने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. अर्धे सत्य सांगणारा चित्रपट आणि अर्धे सत्य दडवणारे सरकार, दोघेही इतिहासाचे सारखेच अपराधी आहेत.

याच्या शेजारी बेनेगलांचा ‘निशांत’ ठेवून पाहा. १९७५ चा चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची, काळ १९४५ चा, प्रदेश तेलंगणाचा. त्यातला जुलमी जमीनदार हिंदू आहे, त्याने नागवलेली रयतही हिंदू आहे. शाळामास्तरची बायको भर गावातून पळवली जाते आणि पोलिसांपासून कलेक्टरपर्यंत कोणी काही करीत नाही. निजामी राज्याचा पाया धर्मापेक्षा जमिनीत होता, जहागिरीत आणि वतनदारीत होता, हे हा चित्रपट व्याख्यानाविना सांगतो. शेवटी गाव उठते. परंतु त्या उठावात जमीनदारांबरोबर निरपराध स्त्रियाही मारल्या जातात. संघटनेवाचून उसळलेला संताप कोठे पोहोचतो, याचा याहून कठोर धडा मला हिंदी पडद्यावर आढळला नाही.

आणि ज्यांना यूट्यूबवर वा अन्यत्र मिळेल त्यांनी प्रभातचा ‘शेजारी’ पाहावा. १९४१ साली, फाळणीची मागणी नुकतीच पुढे आलेली असताना, व्ही. शांतारामांनी एका गावातले हिंदू आणि मुसलमान मित्र दाखवले. त्यांच्यात फूट पाडली जाते ती धरणाच्या कामातल्या हितसंबंधांपायी. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदूची भूमिका मजहर खान यांनी आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांनी केली होती. चित्रपट आज काही ठिकाणी भाबडा वाटेल. वाटू द्या. भांडणामागे पैसा कोणाचा, हे त्याला ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होते.

आता जात आणि लग्न. बेनेगलांचा ‘अंकुर’ १९७४ चा. त्याच्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ चा; त्याच्या शेवटी जब्याचा दगड थेट आपल्यावर येतो. चाळीस वर्षांत दगडाची दिशा बदलली. आधी तो जमीनदारावर होता, आता तो पाहत बसलेल्या सभ्य समाजावर आहे. हा बदल मला योग्य वाटतो. जमीनदारी कायद्याने गेली. तिची जागा घेणारी आपली मूक संमती कोणत्याही कायद्याने जात नाही.

‘सैराट’विषयी (२०१६) माझे मत थोडे वेगळे आहे. पूर्वार्ध मला लांबलेला वाटतो. उत्तरार्ध मात्र मराठी चित्रपटाची मोठी मिळकत आहे, कारण तेथे दोघे पोट भरू लागतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत बाटल्या भरण्याच्या कारखान्यात आर्ची मजुरी करते, परशा डोशाच्या गाड्यावर राबतो. नांदेडकरांना हैदराबादची ही वाट नवी नाही. पाटलाची पोर प्रथमच स्वतः कमावते आणि प्रेमाला प्रथमच भाडे, भांडण आणि पगार यांचा स्पर्श होतो. पण समाजाने काय घेतले? गाणी घेतली. त्या गाण्यावर वरातीत नाचून दमलेले तरुण शेवटच्या प्रसंगाविषयी बोलत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच नांदेड शहरात एका तरुणाचा खून झाला आणि जातीबाहेरच्या प्रेमाचा राग धरून मुलीच्या घरच्यांनीच तो केल्याचा आरोप आला. न्यायालय आपले काम करील. आपले काम त्या आधीचे होते, आणि ते घराघरांतले होते.

अलीकडच्या चित्रपटांत मला सर्वांत आवडलेला म्हणजे जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’. २०२३ मध्ये टोरांटोला गौरवला गेला, आपल्याकडे २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. चंद्रपूरकडच्या खेड्यातली सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची म्हणते. आणि घरी पाहुण्यांपुढे पाटावर बसून पुन्हा पुन्हा तीच उत्तरे देते. नाव काय, उंची किती, शिक्षण किती. बाप कापसाच्या भावाची वाट पाहतो आहे, कारण भावावर हुंडा अवलंबून आहे. शेतमालाचा बाजार आणि लग्नाचा बाजार एकाच घरात कसे भेटतात, हे दाखवणारा हा चित्रपट मी अर्थशास्त्राच्या वर्गात लावला असता. कापसाच्या जागी सोयाबीन घाला, म्हणजे तो लातूरचा होईल. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकरी त्याहून पुष्कळ कमी भावाने माल घालत होता. त्या फरकाचे पैसे कोणकोणत्या घरांतून वजा झाले, याचा तपशील बाजार समितीच्या नोंदीत मिळत नाही. तो सविताच्या चेहऱ्यावर मिळतो.

दुसरा प्रश्न राहिला, पैसा कोणाचा. चित्रपटगृहात लोकांचा धाक होता. न आवडलेला चित्रपट पब्लिक दुसऱ्या आठवड्यात उतरवीत असे. दूरदर्शनवर सरकारचा अंमल होता, पण रविवारी साऱ्या गल्लीने एकच चित्रपट पाहिला आणि सोमवारी त्यावर भांडली. आज जो तो आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. घरच्या दूरचित्रवाणीसमोर पुरुष बसलेले आणि बाई भाकरी थापत कानांनी चित्रपट पाहते आहे, हे दृश्यही अद्याप गेलेले नाही. दरमहा वर्गणी भरून आपण चित्रपट विकत घेतो असे वाटते. वस्तुतः आपण तो काही काळ भाड्याने घेतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून रातोरात गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यमव्यवसाय एकत्र आले आणि देशातल्या करोडो घरांचा पडदा एका उद्योगसमूहाच्या हाती आला. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध निर्मात्याला दाद मागता येईल असे अपील न्यायाधिकरण २०२१ मध्येच बंद झाले होते.

याचा परिणाम काय होतो? आचार्य अत्र्यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. २०२५ मध्ये ‘फुले’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हा काही संघटनांनी हरकती घेतल्या, मंडळाने जातिवाचक उल्लेखांना कात्री सुचवली आणि प्रदर्शन दोन आठवडे लांबले. जातीचा उल्लेख गाळून जोतीरावांचे चरित्र सांगायचे म्हणजे पाण्याचा उल्लेख गाळून गोदावरीचे वर्णन करण्यासारखे आहे.

साथींनो, केवळ हळहळून हे बदलणार नाही. माझी सूचना अगदी लहान आहे. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक चित्रपट, निर्मात्याची परवानगी घेऊन, एकत्र पाहावा. जागा शाळेची असो, समाजमंदिराची असो वा एखाद्याच्या अंगणाची. स्त्रियांना जमेल अशी वेळ ठेवावी. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा व्हावी, आणि चर्चा नटनट्यांवर न होता माझ्या त्या दोन प्रश्नांवर व्हावी. ‘सामना’ पाहिला तर आपल्या कारखान्याचा ताळेबंद मागवावा. ‘स्थळ’ पाहिला तर हुंडा न घेण्याची शपथ घेणाऱ्या मुलांची नावे तिथल्या तिथे लिहून घ्यावीत. ‘सैराट’ पाहिला तर जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलामुलींनी रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठवायचे, हे गावात जाहीर करावे. आणि ते दार आपल्या कार्यकर्त्याचे असावे. मुक्तिसंग्रामावरचा चित्रपट दाखवाल तेव्हा शोएबउल्ला खानाचे नाव मंचावरून घ्यावे.

खर्चाची चिंता कोणी करू नये. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून एक अख्खा चित्रपट उभा केला. आपल्याला चित्रपट काढायचा नाही; पाहायचा आहे आणि पाहून उठायचे आहे. पुढच्या महिन्यात पहिला खेळ कोणत्या तालुक्यात लावायचा आणि त्याची जबाबदारी कोण घेणार, एवढे आज घरी जाण्यापूर्वी ठरवू या.