अंशतः रहिवासी : फझी संच आणि बदलती लोकसंख्या
(स्वागताध्यक्षीय भाषण)

नेहमीच्या संचसिद्धांतात एखादी वस्तू संचात असते किंवा नसते. संगणकाचे शून्य आणि एक यांवर चालणारे तर्कशास्त्रही याच जातीचे. १९६५ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक लोत्फी झादे यांनी ‘फझी सेट्स’ हा निबंध लिहून ही अट सैल केली. त्यांच्या मांडणीत प्रत्येक घटकाला शून्य ते एक यांमधली सदस्यतेची मात्रा मिळते. अशा संचाला फझी संच आणि ही मात्रा ठरवणाऱ्या नियमाला सदस्यता फल म्हणतात. मात्रा म्हणजे संभाव्यता नव्हे. उद्या पाऊस पडेल की नाही, हा संभाव्यतेचा प्रश्न; पडून गेलेला पाऊस ‘मुसळधार’ या वर्णनात कितपत बसतो, हा मात्रेचा.

ही कल्पना लोकसंख्येच्या अभ्यासाला लावून पाहण्यासाठी गणित, संगणकशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र या तिन्ही शाखांतील अभ्यासक या परिषदेत रत्नागिरीत एकत्र आले आहेत. परिषदेचे अध्यक्ष, निबंधवाचक, प्राध्यापक, विद्यार्थी आणि जनगणनेच्या कामाचा अनुभव असलेले शिक्षक या सर्वांचे स्वागत समिती रत्नागिरीकरांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करते. गणित आणि लोकसंख्या यांची सांगड या जिल्ह्याला परकी नाही. दापोली तालुक्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासातही १९२१ हे वळणाचे वर्ष मानतात. १९११ ते १९२१ या दशकात इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे देशाची लोकसंख्या किंचित घटली. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत ती वाढलेली दिसते.

फझी संचांवरच्या क्रिया साध्या आहेत. दोन अटी ‘आणि’ने जोडल्या तर दोन मात्रांपैकी लहान मात्रा घ्यायची, ‘किंवा’ने जोडल्या तर मोठी, नकारासाठी मात्रा एकातून वजा करायची. एवढ्या सामग्रीवर नियंत्रणाची यंत्रणा उभी राहते. ‘वेग थोडा जास्त असेल आणि स्थानक जवळ असेल, तर ब्रेक हलकेच लावा’ अशा भाषेत नियम लिहिले जातात. मोजलेल्या आकड्यांच्या मात्रा काढून प्रत्येक नियम त्या प्रमाणात लागू केला जातो आणि शेवटी सर्व नियमांचा मिळून एक निश्चित आकडा यंत्राला दिला जातो. १९७० च्या दशकात इब्राहिम ममदानी यांनी लंडनमध्ये वाफेच्या इंजिनावर हा प्रयोग केला. १९८७ मध्ये जपानमधील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे याच पद्धतीच्या नियंत्रणावर धावू लागली.

लोकसंख्येच्या अभ्यासाला या पद्धतीची गरज का आहे, हे शहराच्या व्याख्येवरून कळते. २०११ च्या जनगणनेत वैधानिक शहरांखेरीज इतर गावांना शहर ठरवण्यासाठी तीन अटी होत्या : किमान ५,००० लोकसंख्या, पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. समजा, एका गावाने शेवटच्या दोन अटी पूर्ण केल्या, पण त्याची लोकसंख्या ४,९०० आहे. दुसऱ्या गावात लोकसंख्या आणि घनता पुरेशी आहे, पण शेतीबाहेरचे कामगार ६० टक्केच आहेत. जनगणनेच्या लेखी दोन्ही खेडीच. आता लोकसंख्येची मात्रा २,००० ला शून्य आणि ५,००० ला एक, कामगारांची मात्रा २५ टक्क्यांना शून्य आणि ७५ टक्क्यांना एक धरून मधल्या मात्रा सरळ रेषेने काढल्या आणि तीन अटींतली सर्वांत लहान मात्रा घेतली, तर पहिल्या गावाची ‘शहरपणा’ची मात्रा सुमारे ०.९७ येते आणि दुसऱ्याची ०.७. कचरा, सांडपाणी आणि पाणीपुरवठा यांचे नियोजन करणाऱ्याला या दोन आकड्यांतला फरक कामाचा आहे. २००१ ते २०११ या काळात देशात या तिन्ही अटींवर शहर ठरलेल्या गावांची, म्हणजे जनगणना शहरांची, संख्या १,३६२ वरून ३,८९४ झाली. ती शहरे म्हणून मोजली गेली, पण कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. बदल मधल्या पट्ट्यात असताना दिसला असता, तर तयारीला वेळ मिळाला असता.

रत्नागिरी जिल्ह्यात हा मधला पट्टा घरोघरी आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाख होती. २०११ मध्ये ती १६.१५ लाखांवर आली. दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, कारण कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले आहेत. चाकरमान्याची नोकरी मुंबईत असते. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी गावात. घराची डागडुजी, आईवडिलांचे औषधपाणी आणि देवळाची वर्गणी त्याच्याच पैशातून होते. जनगणना मात्र माणसाला एकाच ठिकाणी मोजते. त्याच वेळी आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेले कामगार वर्षातले कित्येक महिने इथे राहतात. त्यांची मुले, त्यांचे आजारपण आणि त्यांची पाण्याची गरज इथलीच असते. गावात राहिलेल्या बाईवर शेती, सासूसासऱ्यांची देखभाल आणि पंचायतीतली कामे एकदमच येतात. वाडीवरच्या शाळेचा पट घटतो. हे परिणाम ‘रहिवासी’ आणि ‘स्थलांतरित’ या दोनच रकान्यांत मावत नाहीत. वास्तव्याचा काळ, घरखर्चातला वाटा आणि सेवांचा वापर यांच्या मात्रा वेगवेगळ्या काढल्या, तर कोणत्या गावाला कोणत्या महिन्यात काय लागेल, याचा अंदाज बांधता येतो.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. सदस्यता फलाची रेषा निसर्ग आखून देत नाही. ती माणसे आखतात. वरच्या उदाहरणातले २,००० आणि २५ टक्के हे आकडे बदलले की मात्राही बदलतात. म्हणून रेषा कोणी आणि कशाच्या आधारे आखली, हे जाहीर असले पाहिजे आणि ज्यांच्यावर तिचा परिणाम होणार, त्यांना ती समजेल अशा भाषेत मांडली पाहिजे. दुसरी मर्यादा हक्कांची आहे. मतदानाचे वय १८ आणि ज्येष्ठ नागरिकाचे वय ६० या रेषा ठळकच राहाव्यात, कारण अर्धे मत किंवा पाऊण पेन्शन देण्याची मुभा कोणत्याही कार्यालयाला असू नये. गरज मोजताना मात्रा वापरावी. हक्क देताना तो पूर्ण द्यावा.

परिषदेच्या सत्रांपुढील काम यातून ठरते. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी पडताळता येतील अशी सदस्यता फले सुचवावीत, लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी ती गावपातळीवरच्या नोंदींशी ताडून पाहावीत आणि दोघांनी मिळून जिल्हा नियोजनाला वापरता येईल असा आराखडा तयार करावा. या कामासाठी आलेल्या प्रत्येक प्रतिनिधीचे रत्नागिरीत सहर्ष स्वागत आहे.